परक्याच्या तोंडून आपलं घर



मागच्या काही महिन्यांत आपल्या बहुतेक कुटुंब-ग्रुपांवर दोन तऱ्हेचे व्हिडिओ फिरून गेले असतील. एकात कुणी परदेशी पाहुणा आपल्या रस्त्यावरचा कचरा, हॉर्नचा गोंगाट, रांगेत मध्येच घुसणारी माणसं दाखवून नाक मुरडतो. तो पाहिला की आपल्या तोंडून पटकन निघतं, "आधी आपल्या देशाचं बघ म्हणावं!" दुसऱ्या व्हिडिओत परदेशात स्थायिक झालेला आपलाच कुणी मुलगा तिथल्या कारभाराबद्दल, तिथल्या भेदभावाबद्दल दोन शब्द बोलतो, आणि तिथला कुणी त्याला ऐकवतो, "आवडत नसेल तर परत जा." हा पाहिला की आपल्याला त्या मुलाची बाजू घ्यावीशी वाटते.

राग दोन्ही वेळा येतो. पण पहिल्या वेळी आपण घरमालक असतो आणि दुसऱ्या वेळी पाहुण्याचे नातलग. एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं आपल्याकडे तयार असतात, आणि आपण कुठे उभे आहोत त्याप्रमाणे ती बाहेर येतात. म्हणून या वेळी जरा शांतपणे विचार करू या. बाहेरच्या माणसानं, किंवा बाहेरून येऊन राहिलेल्या माणसानं आपल्या देशातली उणीव बोलून दाखवली, तर ती कशी ऐकावी?

घरातल्या उदाहरणानं सुरुवात केली तर सोपं जाईल. नवी सून घरात येते. पंधरा-वीस दिवसांनी हळूच म्हणते, "स्वयंपाकघरात धूर फार कोंडतो, एखादा पंखा लावून घेऊ या का?" यावर घरात चार उत्तरं तयार असतात. सासूबाई म्हणतात, "तुमच्याकडे काय मोठा राजवाडा होता?" आत्याबाई म्हणतात, "आल्या आल्या नावं ठेवायला लागली. हिला काय अधिकार?" दीर म्हणतो, "इतकं नकोसं झालंय तर माहेरीच राहायचं होतं." आणि सगळ्यांत समजूतदार म्हणवणारे सासरे म्हणतात, "म्हणणं खरं असेल हो, पण पाहुण्यांसमोर कशाला बोलायचं?" चारही उत्तरं ऐकायला वेगवेगळी वाटतात. पण नीट पाहिलं तर धुराबद्दल कुणीच काही बोललेलं नाही.

देशाच्या बाबतीतही बहुतेक हीच चार उत्तरं दिली जातात. तुमच्याकडे तरी काय आहे? तुम्हाला अधिकार काय? आवडत नसेल तर जा. आणि चारचौघांत का बोललात? आपणच असं करतो असं नाही, जगभर हेच चालतं. इतिहासातली दोन उदाहरणं शेजारी-शेजारी ठेवली तर हे फार स्पष्ट दिसतं. एकात टीका करणारा आपला होता आणि ऐकणारे परके. दुसऱ्यात टीका करणारी परकी होती आणि ऐकणारे आपण. दोन्हींत महात्मा गांधी आहेत, म्हणून ती निवडली.

पहिलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचं. गांधीजी १८९३ साली वकिलीच्या कामासाठी तिथं गेले. तिथल्या उसाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून करारावर नेलेले हजारो मजूर राबत होते. पाच वर्षांचा करार संपल्यावर जो मजूर मायदेशी न परतता तिथंच राहील त्याच्यावर वर्षाला तीन पौंड कर बसवणारा कायदा नाताळनं १८९५ साली केला. ज्याला महिन्याची मजुरी शिलिंगांत मिळत होती त्याला वर्षाला तीन पौंड, आणि घरातल्या मोठ्या मुलामुलींनाही तो लागू! घाम गाळून दुसऱ्याची शेती उभी केली, त्याला तिथं राहण्याचा दंड.

१८९६ साली गांधीजी काही महिन्यांसाठी हिंदुस्थानात आले. राजकोटला बसून त्यांनी या सगळ्या गाऱ्हाण्यांची एक पुस्तिका लिहिली. मुखपृष्ठाच्या रंगावरून तिचं नाव हिरवी पुस्तिका असं पडलं. मग ते मुंबई, पुणे, मद्रास, कलकत्ता असे फिरले. पुण्यात ते लोकमान्य टिळकांना, गोपाळ कृष्ण गोखल्यांना आणि डॉ. रामकृष्ण भांडारकरांना भेटले. इकडे रॉयटर या वृत्तसंस्थेनं पुस्तिकेचा अगदी थोडक्या ओळींचा सारांश तारेनं विलायतेला पाठवला आणि तिथून तो नाताळला पोचला. सारांशात मूळ लिखाणाचा तोल राहिला नाही. नाताळमधल्या गोऱ्या लोकांना एवढंच कळलं, की आपल्या देशात राहून पैसा मिळवणाऱ्या एका परक्यानं बाहेर जाऊन आपली बदनामी केली.

त्यात आणखी एक अफवा मिसळली, की हा माणूस दोन जहाजं भरून हिंदी लोक आणतोय. जहाजं डिसेंबरमध्ये दरबानला लागली, पण प्लेगच्या कारणावरून तीन आठवड्यांहून जास्त काळ उतारूंना उतरू दिलं नाही. १३ जानेवारी १८९७ ला गांधीजी किनाऱ्यावर उतरले. जमावानं त्यांना ओळखलं, दगड, विटांचे तुकडे, अंडी फेकली, लाथा मारल्या. तेवढ्यात पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांची पत्नी त्या रस्त्यानं जात होती. ती बाई पुढे झाली, तिनं आपली छत्री उघडली आणि जमाव व गांधीजी यांच्यामध्ये उभी राहिली. तिला लागू नये म्हणून मारणारे हात थांबले.

पुढे विलायतेतून वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी हल्लेखोरांवर खटले भरा असं कळवलं. गांधीजींनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की या लोकांची दिशाभूल झाली होती, खरं काय ते कळलं की त्यांनाच वाईट वाटेल. शिवाय, हिंदुस्थानात आपण जे बोललो त्यात असं काहीच नव्हतं जे आपण नाताळमध्ये याआधी बोललो नव्हतो. उलट तिथं अधिक कडक शब्दांत बोललो होतो. वर्तमानपत्रांनी मूळ मजकूर पाहिल्यावर गांधीजी निर्दोष असल्याचं छापलं.

आता आपल्या सुनेच्या घराकडे या. नाताळमध्ये महिनाभर काय चर्चा झाली? गांधी कोण, त्याला अधिकार काय, त्यानं बाहेर जाऊन का सांगितलं, त्याला उतरू द्यायचं की नाही. तीन पौंडांच्या कराबद्दल, मळ्यावरच्या मजुराबद्दल कुणी बोललं? तो कर १९१४ पर्यंत चालू राहिला. १९१२ साली नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले आणि कर रद्द होईल असं आश्वासन घेऊन आले, तेही पाळलं गेलं नाही. १९१३ साली खाणीतले आणि मळ्यांतले मजूर संपावर गेले, बायका तुरुंगात गेल्या, तेव्हा कुठे तो गेला. बोलणाऱ्यावर दगड पडले, आणि ज्याच्यासाठी तो बोलत होता तो माणूस मात्र वर्षानुवर्षं कर भरत राहिला.

आता दुसरं उदाहरण. इथं आपण घरमालक आहोत, म्हणून हे वाचताना मन थोडं घट्ट करावं लागतं.

१९२७ साली मिस कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचं 'मदर इंडिया' हे पुस्तक निघालं. त्या काही महिने हिंदुस्थानात फिरल्या होत्या, साबरमतीला गांधीजींनाही भेटल्या होत्या. पुस्तकात बालविवाह, कोवळ्या वयातली बाळंतपणं, सुईणींच्या अस्वच्छ पद्धती, विधवांचे हाल, अस्पृश्यता, घाण, सगळं एकापाठोपाठ एक मांडलेलं. आणि त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की असे लोक स्वराज्याला लायक नाहीत. देशभर संताप उसळला. निषेधसभा झाल्या, पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या, उत्तरादाखल एकामागून एक पुस्तकं निघाली. लाला लजपतरायांनी १९२८ साली आख्खं एक पुस्तक लिहून उत्तर दिलं. तीस वर्षांनी, १९५७ साली, मेहबूब खान यांनी आपल्या सिनेमाला 'मदर इंडिया' हेच नाव मुद्दाम दिलं. जखम किती खोल होती ते यावरून कळतं.

राग येण्याला कारणही होतं. जगातलं सगळ्यांत मोठं साम्राज्य आपल्या मानेवर बसलेलं असताना परदेशी बाई येते, आपल्या घरातली सगळी घाण गोळा करते आणि ती आपल्याला गुलाम ठेवण्याचं कारण म्हणून जगाला दाखवते. अशा वेळी "बोलणाऱ्याचा हेतू काय" हा प्रश्न गैर म्हणता येत नाही.

गांधीजींनी 'यंग इंडिया'त १५ सप्टेंबर १९२७ ला या पुस्तकावर लेख लिहिला. त्याला त्यांनी 'गटार-निरीक्षकाचा अहवाल' अशा अर्थाचं नाव दिलं. एखाद्या माणसाला गटारं उघडून बघायलाच पाठवलं, तर तो गटारांचंच वर्णन करणार. त्यानं जर त्यावरून म्हटलं, की हा सगळा देश म्हणजेच गटार, तर तो खोटेपणा झाला. लेखिकेची वृत्ती, तिची निवड, तिनं काढलेला निष्कर्ष, या सगळ्यावर गांधीजींनी सडकून टीका केली. परदेशी वाचकांच्या हाती पडावं असं हे पुस्तक नाही, असंही त्यांनी म्हटलं.

पण लेख तिथं संपत नाही. आपल्या लोकांना त्यांनी सांगितलं, की हे पुस्तक प्रत्येक हिंदी माणसानं वाचावं, त्यातून फायदाच होईल. आरोप ज्या रीतीनं मांडलेत ते आपण नाकारू शकतो, पण त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी जे आहे ते नाकारू नये.

हे फार बारकाईनं समजून घेण्यासारखं आहे. एकाच पुस्तकाबद्दल गांधीजी दोन प्रकारच्या वाचकांना दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत. परक्याला सांगतात, "हा आमचा पूर्ण चेहरा नाही." आपल्याला सांगतात, "चेहऱ्यावर डाग आहे, पुसा." आपण बहुतेकदा पहिलं वाक्य परक्याला ऐकवतो आणि मग तेच स्वतःलाही ऐकवून निवांत होतो.

त्या काळात ज्यांनी हे दुसरं वाक्य मनावर घेतलं, त्यांत आपल्या बायका पुढे होत्या. १९२७ च्या जानेवारीत, म्हणजे मेयोबाईंचं पुस्तक येण्याआधीच, अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरलं. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. बडोद्याच्या आपल्या परिवारांना हे वाचून आनंद होईल. सयाजीराव महाराजांनी बडोदा संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा तर १९०४ सालीच केला होता. म्हणजे आम्ही झोपलो होतो आणि मेमसाहेबांनी जागं केलं, असं मुळीच नाही. रायसाहेब हरबिलास सारडा यांचं बिलसुद्धा पुस्तकाआधीचं. पण पुस्तकाचा गदारोळ उठल्यावर महिला संघटनांपुढे पेच आला. आता बालविवाहाविरुद्ध बोललो तर मेयोबाईंची री ओढल्यासारखं होईल. गप्प बसलो तर त्या मुलींचं काय?

त्यांनी काय केलं? पुस्तकाचा निषेधही केला, आणि सारडा बिलाला पाठिंबाही दिला. एका हातानं त्यांनी परकीचा निष्कर्ष परतवला, दुसऱ्या हातानं मुलीला सोडवलं. २८ सप्टेंबर १९२९ ला कायदा मंजूर झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय किमान चौदा, मुलाचं अठरा. आज हे आकडे अगदीच कमी वाटतात, पण त्या काळात त्यासाठी भांडावं लागलं. आणि "तुम्ही परकीयांच्या सुरात सूर मिळवताय" हे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

आम्हाला या सगळ्यातून एकच गोष्ट सांगायची आहे. कुणी परक्यानं आपल्या देशावर टीका केली की आपलं सगळं लक्ष दोन माणसांवर जातं, बोलणारा आणि आपण. तो कोण, त्याचा हेतू काय. आपला अपमान झाला का, आपण काय उत्तर द्यायचं. या दोघांच्या झटापटीत एक तिसरा माणूस दिसेनासा होतो. ज्याच्याबद्दल ते बोललं गेलं तो. नाताळचा मजूर. बारा वर्षांची बाळंतीण. टीकाकाराचं तोंड आपण बंद केलं तरी त्या तिसऱ्याचं दुःख तसंच राहतं. आणि टीकाकार खरोखर वाईट हेतूचा असला, तरी त्या मुलीचं वय काही वाढत नाही.

म्हणून टीका ऐकली की तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत असं वाटतं. सांगितलं ते खरं आहे का? सांगणाऱ्याचा निष्कर्ष बरोबर आहे का? आणि ज्याच्याबद्दल सांगितलं, त्याच्यासाठी आपण काय करणार आहोत? मेयोबाईंच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर "बरंचसं, पण अर्धवट", दुसऱ्याचं "साफ चूक", आणि तिसऱ्याचं उत्तर म्हणजे सारडा कायदा. वैद्यानं रोग बरोबर ओळखला आणि औषध चुकीचं सांगितलं, तर आपण औषध टाकतो. रोग नाही असं म्हणत नाही.

इथं कुणी म्हणेल, की मग परका आणि आपला यात काही फरकच नाही का? आहे, आणि तो मानायला हवा. शेजारीण आपल्या मुलाला रागावली तर आपल्याला लागतं, मग ती बरोबर का असेना. आई रागावते तेव्हा तिनंच रात्री त्याच्या उशाशी बसायचं असतं, हे मुलाला ठाऊक असतं. शेजारीण बोलून निघून जाते. चार दिवसांसाठी आलेला पर्यटक आपल्याला खुपतो तो यामुळेच.

पण बाहेरून येऊन राहिलेला माणूस पर्यटक नसतो. तो सुनेसारखा असतो. तो त्याच घरात राहतो, त्याच रस्त्यानं कामाला जातो, तिथला कर भरतो, त्याची मुलं तिथल्या शाळेत शिकतात. धूर त्याच्याही डोळ्यांत जातो. म्हणून त्याच्या तक्रारीला नावं ठेवणं म्हणण्यापेक्षा घरात मन गुंतल्याची खूण म्हणावं. ज्या सुनेला घर सोडूनच जायचं आहे, ती पंखा लावायला कशाला सांगेल?

याचं सुंदर उदाहरण दादाभाई नवरोजींचं. बडोद्याशी त्यांचाही संबंध, १८७४ साली ते तिथले दिवाण होते. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी लंडनमध्ये काढला आणि तिथं राहून इंग्रजांना आकडे मांडून दाखवलं, की तुमच्या राज्यात हिंदुस्थान गरीब होत चाललाय. त्यांची रीत मोठी विचार करण्यासारखी. हिंदुस्थानातला कारभार इंग्रजांच्या स्वतःच्याच न्यायबुद्धीला शोभत नाही, असं ते म्हणत. दुसऱ्याच्या घरातली उणीव त्याच घराच्या चांगल्या रीतीनं मोजायची. १८८८ साली पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी जाहीरपणे म्हणाले, की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याच्या पायरीला अजून आलेले नाहीत. चार वर्षांनी, १८९२ साली, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंना पार्लमेंटात पाठवलं. अवघ्या पाच मतांनी का होईना, पण पाठवलं. म्हणजे टीका करणाऱ्या परक्याला घरात खुर्ची देणारी माणसं त्याही देशात होती. दरबानच्या रस्त्यावर छत्री उघडणारी बाईही त्याच रक्ताची. एका देशाचा स्वभाव जमावावरून ठरवायचा की त्या छत्रीवरून, हा प्रश्न आपल्याबद्दलही कुणी विचारू शकतो.

"आवडत नसेल तर परत जा" हे वाक्य तर सगळ्यांत जपून वापरण्यासारखं. २०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ट्रम्प यांनी तिथल्या चार महिला खासदारांना, जिथून आलात तिथं परत जा, अशा अर्थाचं सुनावलं. गंमत अशी, की त्यांतल्या तिघी अमेरिकेतच जन्मलेल्या. परत जाणार कुठं? या वाक्याचा खरा अर्थ असा, की तुझं इथं असणं आमच्या मर्जीवर आहे, आणि मर्जी टिकवायची तर गोड बोल. ज्याला असं सांगितलं जातं त्याला घर कधीच मिळत नाही, फक्त मुक्काम मिळतो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना हे समजावून सांगायला नको. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, गोवा, कुठेही बघा. होळकर-शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्या घरांना आता पावणेतीनशे-तीनशे वर्षं होत आली. आपल्या मराठीत हिंदी मिसळली, पोह्यांवर शेव आली, आपले आजे-पणजे इथल्याच नदीकाठी गेले. तरी गावच्या एखाद्या गोष्टीबद्दल आपण कडक बोललो तर कुणी तरी हसत हसत म्हणतंच, "अरे, तुम लोग तो महाराष्ट्र के हो." आणि पुण्या-मुंबईकडच्या लग्नात आपण काही बोललो, की तिथले म्हणतात, "तुम्ही काय बाई, तिकडचे." दोन्हीकडून पाहुणे! हा अनुभव आपल्याला इतरांपेक्षा जास्त समजूतदार करायला हवा. आपल्या गावात आज जो नवा पाहुणा आलाय, त्याला आपण तेच वाक्य ऐकवतो का, हे बघायला हवं.

आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीतली हकिगत सांगतो. तिथला चौकीदार नेपाळचा, बायको चार घरी कामं करते. वार्षिक सभेत सगळ्यांना "काही सूचना?" असं विचारलं, तर ही बाई मागून उठून म्हणाली, "दिवसभर काम करणाऱ्या आम्हा बायकांना इथं संडास नाही. तुमच्या देशात देवीची एवढी पूजा करता, आणि बाईनं जायचं कुठं?" सभेत कुजबुज झाली. एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्या गावी तरी कुठे होते संडास?" दुसरे म्हणाले, "देशाचं नाव कशाला घेतेस?" तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना काकूच म्हणतात, शांतपणे म्हणाल्या, "तिच्या गावचं तिच्या गावाला विचारू. इथलं इथं विचारू. जिन्याखालच्या संडासाला कुलूप कुणी लावलंय, आणि किल्ली कुणाकडे आहे?" किल्ली निघाली. प्रश्न दहा मिनिटांत सुटला. त्या बाईचं "तुमच्या देशात" हे बोलणं कुणाला आवडलं, कुणाला नाही. पण काकूंनी त्या तिसऱ्या माणसाकडे पाहिलं, त्या सगळ्या कामाच्या बायकांकडे, आणि मान-अपमानाचा विषय बाजूला राहिला.

परदेशात मुलं असलेल्या आई-वडिलांना आणखी एक सांगावंसं वाटतं. तिकडे मुलगा काही अन्यायाबद्दल बोलला की आपण घाबरून म्हणतो, "गप्प राहा, आपण तिथं परके." ही काळजी खोटी नाही, कागदपत्रांचे प्रश्न असतात. पण तोच मुलगा सुट्टीत घरी येतो आणि इथल्या रस्त्याबद्दल, दवाखान्यातल्या रांगेबद्दल बोलतो, तेव्हा आपण म्हणतो, "चार वर्षांत साहेब झालास!" म्हणजे तिथं परका म्हणून गप्प, आणि इथं आता परका झाला म्हणून गप्प. मग त्या लेकरानं बोलावं कुठं? त्याच्या बोलण्यात थोडी ऐट असेलही. ती वयाबरोबर जाईल. पण दवाखान्यात रांगेत उभी असलेली म्हातारी खरी आहे, तिच्याबद्दल तो बरोबर बोलत असेल तर ते ऐकावं.

आणि एक छोटी सावधगिरी. परक्यानं दुसऱ्या कुणाला नावं ठेवली की ती आपल्याला फार गोड लागतात. पंडिता रमाबाई १८८६ ते ८८ या काळात अमेरिकेत होत्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल त्या बोलल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी आदरानं ऐकलं, मदतीसाठी मंडळ काढलं. त्याच रमाबाईंनी परत आल्यावर, १८८९ साली, अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या स्त्रियांच्या संस्थांचं मनापासून कौतुक केलं, आणि गोऱ्यांनी काळ्यांना व तिथल्या मूळ रहिवाशांना कसं वागवलं तेही लिहिलं. हिंदुस्थानबद्दल त्या जे बोलल्या ते ऐकायला तिथले सभागृह भरत. आपल्या घराबद्दलचं ऐकायला मात्र कुणालाही जड जातं, तिथं आणि इथंही. परदेशी माणसानं आपली स्तुती केली की ती आपण कौतुकानं दहा जणांना पाठवतो, तेव्हा "याला आपल्याबद्दल बोलायचा अधिकार काय" असं विचारत नाही. स्तुतीला अधिकार लागत नसेल, तर खऱ्या उणिवेलाच का लागावा?

आपल्या इंदूरचंच बघा. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर सलग कितीतरी वर्षं आला, याचा सगळ्यांना अभिमान. पण तो नंबर मिळतो कसा? बाहेरून तपासणारे येतात, गल्ल्या बघतात, नाल्या बघतात, लोकांना प्रश्न विचारतात. गटार-निरीक्षकच म्हणा ना. ते आले म्हणून कुणी अपमान मानला नाही. लोकांनी ओला कचरा वेगळा केला, सुका वेगळा केला. निरीक्षकाचा अहवाल नाकारण्यापेक्षा गटार साफ करणं सोपं असतं, हे या शहरातल्या झाडूवाल्या मावशींनी करून दाखवलंय. श्रेय पहिल्यांदा त्यांचं.

येत्या गुरुवारी घरातले सगळे एकत्र बसाल तेव्हा पाच-दहा मिनिटं याच विषयाला द्या. मुलांना विचारा, सुनांना विचारा, घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही विचारा, की आपल्या घरात, आपल्या गावात तुम्हाला काय खुपतं? उत्तर आलं की लगेच बाजू मांडू नका. "तुमच्याकडे कसं होतं?" असंही विचारू नका. फक्त एवढंच विचारा, याचा त्रास नेमका कुणाला होतो? त्या माणसाचं नाव निघालं, की पुढे काय करायचं ते आपोआप सुचेल.

आपल्या घरी झालेली चर्चा आम्हाला जरूर कळवा.